आजोबा खोडा, कुत्रा घाला

सोमवारी सकाळी, प्रार्थना आणि मधली सुट्टी यांच्या दरम्यान, माझ्या वर्गातले निम्मे आजोबा मेले.

सगळे एकाच खाटेवर मेले. खाट खिडकीपाशी होती, खिडकीतून सोनेरी सूर्यकिरणे येत होती, आणि प्रत्येक आजोबांच्या सुरकुतलेल्या गालावरून मोत्यासारखा एक अश्रू ओघळला. एकच. कुणालाही दुसरा आला नाही. कुणाचं नाक वाहिलं नाही. मग प्रत्येकाने नातवंडाचा हात हातात घेऊन "बाळा, मेहनतीला पर्याय नाही" असं सांगितलं आणि प्राण सोडला.

मी दिलेला विषय होता : बाजारात हरवलेली वस्तू.

तो त्यांनी पहिल्या दोनतीन ओळींत उरकला. छत्री हरवली, छत्री सापडली, इतक्यात आईचा फोन वाजला. एका पोराला फोनपर्यंत थांबायचाही धीर नव्हता. त्याने बाजारात आजोबाच हरवले, आणि ते थेट हॉस्पिटलात सापडले.

तपासता तपासता मला मळमळायला लागलं. खरीखुरी मळमळ, तोंडाला पाणी सुटतं ती. कागदांना डबल्सच्या, म्हणजे मऊ पुऱ्यांत भरलेल्या चण्यांचं, पिवळं तेल लागलं होतं. रस्सा, घाम आणि पाठ केलेलं मरण, असा एकत्र वास त्या गठ्ठ्याला येत होता. बाहेर समुद्र ओलांडून आमच्या बेटावर येणारी सहाराची धूळ आभाळात भरून राहिलेली. सूर्यकिरणे सोनेरी नव्हती. गेला आठवडाभर ती भांडी धुतलेल्या पाण्यासारखी होती. हे एकाही पोराने मान वर करून पाहिलेलं नव्हतं.

समासात, लाल शाईने : हे कुणी पाहिलं?
पुढच्या वहीत : हे कुणी पाहिलं?
पुढच्या : कुणी?
पुढच्या वहीत नुसती रेघ. पेन कागदातून आरपार गेलं.

*

सगळ्यात सुंदर मरण नेरिशा गोबिनचं होतं.

तिच्याएवढी कष्टाळू मुलगी मी पाचवीच्या वर्गाला भाषा शिकवायला लागल्यापासून पाहिली नव्हती. अक्षर छापल्यासारखं. खाडाखोड नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. त्या एका सकाळवर ठरतं की अकरा वर्षांचं पोर कुठल्या शाळेत जाणार, आणि त्यावर पुढची कित्येक वर्षं ठरतं की त्याच्या आईने लग्नाकार्यात कुठल्या रांगेत बसायचं. नेरिशाच्या आईला कॉन्व्हेंट हवं होतं. नेरिशालाही तेच हवं होतं. निदान तसं म्हणायला ती शिकली होती.

पहिल्या सत्रात तिने मला एकदा एक पान लिहून दिलं होतं. शेजारच्या बाईचा कोंबडा कसा आरशाशी भांडतो, एवढंच. शुद्धलेखनाचा चुराडा होता, पण तो कोंबडा मी अजून विसरलेले नाही. मी तिला सांगितलं होतं, रोज एक गोष्ट नीट बघ आणि चार ओळी लिही. मोठ्याने वाच. जिथे आवाज खोटा लागेल तिथे खोड. दुसऱ्या दिवशी परत बघ. अभ्यास म्हणजे एवढंच, दुसरा कुठला मला ठाऊक नाही.

मग तिला शिकवणी लागली आणि कोंबडा गेला.

तिच्या मरणाला मी शून्य दिलं.

*

"शून्य? मिस, शून्य कुणी देतं का? शून्य हा काय मार्क झाला?"

"दुलारी, बसा आधी," मी नेरिशाच्या आईला म्हटलं.

"बसायला वेळ नाही. दुकानातून जेवणाच्या सुट्टीत आलेय, तो मॅनेजर घड्याळ घेऊन दारात उभा असतो. पोरगी कोंबड्याच्या आधी उठते, मिस. तोंड धुवायच्या आधी पाठ म्हणते. कार्निव्हलला अख्खा गाव रस्त्यावर नाचत होता, ही खोलीत कानात बोळे घालून पाठ म्हणत होती. अजून काय मेहनत पाहिजे तुम्हाला? रक्त काढून देऊ?"

"तिने लिहिलेलं वाचलंत तुम्ही?"

"वाचलं तर. रडले मी."

"का?"

"का म्हणजे? आजा मेला ना त्यात."

"आणि आजा आत्ता कुठे आहे?"

दुलारीने खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाशी तिचा सासरा, बिसुन गोबिन, आपल्या जुन्या व्हॅनमध्ये बसून कैरीचं चाऊ खात होता. तिखट लागलं की स्टिअरिंगवर हात आपटत होता. साखरेच्या आजारात त्याच्या एका पायाचा अंगठा गेल्या वर्षी काढलेला, तो पाय त्याने खिडकीतून बाहेर वाऱ्यावर ठेवला होता.

"ते गोष्टीतलं आहे, मिस. गोष्टीत माणसं मरतात."

"तिची गोष्ट कुठे आहे?"

"तिची काय गोष्ट असणार? शाळा, घर, शाळा. तिच्याकडे आहे काय लिहायला? शिकवणीचे सर डेन्झिल देतात म्हणून आहे." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "राग मानू नका, पण तुमचं स्वतःचं पोर या वर्गात असतं ना, तर शून्य दिलं नसतंत. दुसऱ्याच्या पोरावर तत्त्वं चांगली दिसतात."

मी राग मानला.

*

सर डेन्झिल महाराजांचं घर खांबांवर आहे, आणि घराखालच्या सावलीत बाकं. निवृत्त हेडमास्तर. कित्येक वर्षं आमचे वर्ग एकमेकांना लागून होते, मध्ये फक्त एक फळा. मी गेले तेव्हा पोरं उभी होती आणि ते पट्टीने खांबावर ठेका धरत होते.

आकाश?

निरभ्र!

वारा?

मंद मंद!

हृदय?

धडधडू लागले!

आई?

मायेचा सागर!

आणि विषय कोणताही आला तरी?

आजोबा!

शेवटच्या बाकावरचं एक पोर डबल्स खाता खाता ओरडत होतं. "मायेचा सागर" म्हणताना त्याच्या तोंडातून एक चणा उडाला आणि समोरच्या छापील कागदावर पडला. त्याने वाकून तो जिभेने उचलला आणि "आजोबा" सगळ्यांच्या मागून, एकट्यानेच म्हटलं.

मी तो कागद उचलला. चण्याची ओल चुकवून धरला. आजोबांच्या मरणाची ती छापील प्रत होती. मध्ये एक ठिपक्यांची रेघ, आणि खाली बारीक अक्षरात सूचना : येथे आपल्या आजोबांचे नाव घालावे.

"शून्य दिलंस म्हणे," डेन्झिल म्हणाले. "ये, लिस्ट्रा क्वामिना. मॉबी घे, थंड आहे. कडू माणसाला कडू पेय."

"सर, ही पोरं लिहीत नाहीत. ओकतात."

"बरं. ओकू देत. पण नेमकं ओकतात की नाही? वाटीत पडतं की बाहेर?"

"तुम्हाला किळस येत नाही?"

"पोट भरल्यावर येते. बस." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "तपासणाऱ्याच्या समोर गठ्ठा असतो. तो तुझ्यासारखा चष्मा पुसत बसत नाही. त्याला सूर्यकिरणे दिसली, अश्रू दिसला, उपदेश दिसला, की तो खूश. बंगलेवाल्याच्या पोराला घरात शब्द मिळतात, जेवणाच्या टेबलावर फुकट. या दुलारीच्या पोरीला कोण देणार? मी देतो. उसने देतो. उसना सूट घालून माणूस लग्नाला जातोच ना?"

"लग्नाला जातो. त्याच सुटात झोपत नाही, त्यात अंघोळ करत नाही. ही पोरं त्यातून बाहेरच येत नाहीयेत."

"आळशी तर नाहीत. माझी पोरं तुझ्या पोरांपेक्षा जास्त राबतात."

हे खरं होतं. त्याचीच तर शिसारी होती. आळस असता तर मी ओरडले असते. इथे घाम होता, पहाट होती, दुखणारी बोटं होती, आणि हे सगळं ओतून तयार काय झालं होतं? खिडकीपाशी एक खाट.

मॉबी अर्धी टाकून मी निघाले. पाठीमागे पट्टी पुन्हा खांबावर आपटली. आकाश?

*

पेन्सिलींचा दिवस.

परीक्षेच्या आधी आमच्या शाळेत पंडित, पास्टर आणि इमाम तिघांनाही बोलावतात. टेबलावर पांढऱ्या कापडावर पोरांच्या पेन्सिली मांडतात, तिघे त्यांवर आपापला आशीर्वाद ठेवतात. पालक येतात, पंखे कमी पडतात, कुरमा आणि फुलौरी वाटतात. यंदा हेडबाईंनी वर एक कार्यक्रम ठेवला. उत्कृष्ट निबंधाचं वाचन. निवड करणार प्रमुख पाहुणे, सर डेन्झिल महाराज.

"हा तोच निबंध आहे, मी शून्य दिलेला," मी हेडबाईंना म्हटलं.

"मिस क्वामिना, आज आशीर्वादाचा दिवस आहे. तोंडात कुरमा घाला आणि गोड राहा."

बिसुन पहिल्या रांगेत. नवा शर्ट, डब्यातल्या घड्या तशाच पोटावर. एका पायात बूट, दुसऱ्यात स्लिपर. शेजारच्याला कोपराने ढोसत होता. "माझी नात. माझी! बघ आता."

नेरिशा उभी राहिली. कागद धरला, डोळे मिटले, आणि सुरू झाली. सोनेरी सूर्यकिरणे. पांढरी चादर. खाटेवर निपचित पडलेले माझे लाडके आजा, बिसुन गोबिन.

लोकांत एक कुजबुज फिरली. बिसुन हसला. गंमत असेल असं त्याला वाटलं. मग तो हसायचा थांबला, कारण कुणीच हसत नव्हतं. बायांनी रुमाल काढले. सुरकुतलेला गाल आला, अश्रू ओघळला, बिसुनने नकळत आपल्या गालाला हात लावला. "आणि आजांनी माझ्या हातात प्राण सोडला," नेरिशा म्हणाली. पंडित गावात नवा होता. त्याने हात जोडले आणि मृतात्म्याच्या शांतीसाठी मंत्र सुरू केला. पास्टर आमेन म्हणाला. इमामांनी मान खाली घातली.

"ए पंडित! थांब! अरे मी इथे बसलोय!"

हशा उसळला. नेरिशाने डोळे उघडले. आजाकडे पाहिलं. पुढचं वाक्य शोधलं. ते तिथे नव्हतं. कागद हातात होता, पण कागदाकडे बघायची तिला सवयच नव्हती. तिचे ओठ हलले, थांबले, हलले, आणि पाठ करणारं कुठलंही पोर मध्येच अडलं की जे करतं तेच तिने केलं.

पहिल्यापासून सुरू केलं.

सोनेरी सूर्यकिरणे. पांढरी चादर. खाटेवर निपचित—

"गप!" बिसुन उठला. खुर्ची मागे पडली. "दोनदा? एकदा पुरलं नाही, दोनदा मारतेस? पंडितापुढे, पास्टरपुढे, इमामापुढे, नाव घेऊन?"

आमच्याकडे म्हणतात, एखाद्याचं तोंड बकऱ्याचं असतं. त्या तोंडातून वाईट निघालं की ते होतंच. इथे तर तीन धर्मांची माणसं साक्षीला होती, आणि पेन्सिली नुकत्याच पवित्र झालेल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी तो शब्द उच्चारलाच. बकऱ्याचं तोंड. बिसुनचा चेहरा राखेसारखा झाला. ज्या माणसाचा अंगठा कापला गेलाय, त्याला मरणाची चेष्टा कळत नाही. एक बूट आणि एक स्लिपर वाजवत तो मधल्या वाटेने बाहेर गेला. व्हॅन सुरू झाली आणि गेली. रोज जिच्यासाठी तो शाळा सुटायच्या आधीपासून फाटकाशी थांबत असे, तिला न घेता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय करावं ते न कळून वाजवल्या, पण वाजवल्या.

फुलौरीच्या टेबलापाशी दुलारीने सर डेन्झिलना गाठलं. तिच्या हातात तो निबंध चुरगळलेला. डेन्झिल चटणीचं बोट चाटत होते.

"सर, आता? सासऱ्याने आत्ता फोनवर शपथ घातलीय. पुन्हा लिहिलंस तर तोंड बघणार नाही म्हणाला."

"अगं, त्यात काय? आजोबा खोडा, कुत्रा घाला. बाकी सगळं तेच. सुरकुतलेला गाल तेवढा काढा."

"आणि मेहनतीला पर्याय नाही, हे कुत्र्याने कसं म्हणायचं?" मी विचारलं.

"नजरेतून," डेन्झिल म्हणाले आणि आणखी एक फुलौरी उचलली.

दुलारीने मान डोलावली. पेन मागितलं. तिथेच, कागद टेबलावर ठेवून, तेल चुकवत, तिने आपल्या सासऱ्याचं नाव खोडलं.

*

दोन दिवसांनी नेरिशा मधल्या सुट्टीत वर्गात आली. डबा उघडला नव्हता.

"मिस, तुमच्याकडे माफीचा निबंध आहे का?"

"कशाला?"

"आजा बोलत नाही. मी नेलेला चहा घेत नाही. मम्मी म्हणाली पाया पड, तर त्याने पाय मागे घेतला." तिने नाक ओढलं. "सर डेन्झिलकडे एक आहे, पण तो शेजाऱ्याची काच फोडल्याचा आहे. त्यात काचेच्या जागी काय घालायचं ते कळत नाही."

"माझ्याकडे तयार नाही. तुझ्याकडे आहे. बस आणि लिही."

"माझ्याकडे कुठे?"

"बस."

पहिला दिवस.
"माझ्या हृदयाच्या गाभाऱ्यातून मी आपली क्षमा मागते."
मोठ्याने वाच, मी म्हटलं. तिने वाचलं. हे तू आजाला म्हणशील? "तो म्हणेल, ही कोण बाई बोलतेय." खोड मग. तिने पट्टी लावून सरळ रेघ मारली.

दुसरा दिवस.
"मला पश्चात्तापाचे अश्रू अनावर झाले."
"रडलीस?"
"नाही. पोटात दुखलं."
खोड.

तिसरा दिवस. पान आता कोंबडीने उकरलेल्या परसासारखं झालं होतं. तिने ते दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलं.

"मिस, हे घाण आहे."

"काय घाण आहे?"

"हे. खाडाखोड. सर डेन्झिलकडे माझं पान स्वच्छ असतं. इथे मी रोज येते, रोज जेवण सोडते आणि रोज कमी होतं. काल पाच ओळी होत्या, आज एक. हा कुठला अभ्यास? उलटा चाललाय."

"कुठली एक उरलीय?"

तिने ती हाताने झाकली. "ती नको."

"का नको?"

"ती घाण आहे, मिस. खरंच घाण."

तिने हात काढला नाही. बाहेर पोरं क्रिकेटवरून भांडत होती, कुणी कुणाला बाद म्हणत होतं, कुणी कुणाच्या आईवर जात होतं. बऱ्याच वेळाने तिने हात काढला.

"हॉस्पिटलात मी आत आलेच नव्हते."

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे नाही."

"आहे. तू आत गेली नाहीस. मग कुठे होतीस?"

ती माझ्याकडे इतक्या तिरस्काराने बघू लागली की मला वाटलं, आता उठून जाईल आणि बरोबरच करेल. मग तिने पेन्सिल घेतली, आशीर्वादाची, टोक झिजलेली, आणि लिहिलं. खोडलं. लिहिलं. घंटा झाली. ती उठली नाही. मी वर्ग बाहेर झाडाखाली घेतला.

*

शुक्रवारी मी बिसुनला फाटकाशी थांबवून घेतलं. दुलारीची पाळी संध्याकाळची होती, म्हणून तो नाइलाजाने आला होता. इंजिन बंद केलं नव्हतं.

"मिस, मला घाई आहे. गाडीत बस म्हणावं तिला. मागे बस."

नेरिशा मागे बसली नाही. खिडकीपाशी गेली आणि ते घाणेरडं पान उघडलं. डोळे मिटले नाहीत.

"आजा, हॉस्पिटलात मी आत आलेच नव्हते. मम्मीला सांगितलं की आले होते. मी बाहेर कोल्ड्रिंकच्या मशीनपाशी उभी होते. मला वास येत होता. मला ओकारी येणार होती, आणि तुझ्यासमोर आली असती तर तुला वाईट वाटलं असतं. म्हणून मला माहीत नाही तू खाटेवर कसा दिसत होतास. सरांच्या कागदात खाट होती. मी ती घेतली."

एवढंच. खाली सही केली होती, जणू हे कुणी लिहिलं ते त्याला कळायला हवं.

बिसुनने इंजिन बंद केलं.

तो समोरच्या काचेतून बघत होता. काच धुळीने लाल झालेली. मी मागे सरकले, पण इतकी नाही की ऐकू येणार नाही.

"हे कुणी लिहून दिलं?"

"कुणी नाही."

"ही काळी मिस?"

"ती नुसतं खोड म्हणते."

तो हसला नाही. पण त्याने तो पाय, अंगठा नसलेला, स्लिपरमधून काढला आणि तिला दिसावा असा वर घेतला.

"वास ह्याचाच होता, बेटी. माझाच. मलासुद्धा ओकारी यायची. शेजारच्या खाटेवरचा माणूस तोंडावर टॉवेल घेऊन झोपायचा, मी त्याला शिव्या द्यायचो." त्याने पाय परत आत घातला. "तू मशीनपाशी होतीस, बरं केलंस. मीही तिथेच उभा राहिलो असतो, पळता आलं असतं तर. बस पुढे. मागे कशाला बसतेस, टॅक्सी आहे का?"

*

समासात, स्वतःसाठी : आता परीक्षेत तिने असं लिहिलं तर.

हे मी समासात लिहायला नको होतं. मी आशा धरली. आशा धरलेल्या शिक्षकासारखं केविलवाणं काही नसतं. पुढच्या आठवड्यात तिने रोज चार ओळी लिहिल्या. त्यांत कोंबडा परत आला नाही, पण दुलारीच्या मॅनेजरचं घड्याळ आलं, आजाच्या झोपेतल्या शिव्या आल्या. मी तिला म्हटलं, बघ, तुझ्याकडे आहे. ती म्हणाली, हो मिस. संध्याकाळी ती सर डेन्झिलकडेही जात होती. कुत्र्याचं पाठांतर चालू होतं. ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, दोन ताटं समोर असली की माणूस चांगलं ताट ओळखतो.

परीक्षेची सकाळ. फाटकाशी गाड्या, तेल लावलेली डोकी, मनगटाला धागे, खिशात क्रॉस. आया देवळाच्या आणि चर्चच्या मधोमध उभ्या, दोन्हीकडे तोंड करून. हॉलची दारं बंद झाली. मी आवारातच राहिले. दुलारी माझ्यापासून लांब उभी होती.

दारं उघडली तेव्हा नेरिशा जवळजवळ शेवटी आली. हसत होती. आईकडे जायच्या आधी माझ्याकडे आली, हे मला आवडलं. ते आवडल्याचीही मला लाज वाटली.

"विषय काय होता?"

"'मी घेतलेला एक अवघड निर्णय.'"

तिच्यासाठीच कापून आणल्यासारखा विषय होता.

"मग? काय लिहिलंस?"

"कुत्रा," ती म्हणाली. "छान जमला. एक शब्द चुकला नाही, मिस. निर्णय सुरुवातीलाच उरकला. मग फोन वाजला."

मी काय चेहरा केला ते मला दिसलं नाही. तिला दिसलं असावं. ती थोडी मागे सरकली.

"आणि ते?" मी म्हटलं. "मशीन. वास. ते लिहिता आलं असतं. तो निर्णयच होता. नेरिशा, आपण इतके दिवस—"

"ते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांचा कोपरा वर गेला, नाक आक्रसलं. अगदी तसं, जसं माझं नाक त्या सोमवारी गठ्ठ्यावर आक्रसलं होतं. ती किळस होती, आणि ती माझ्यासाठी होती.

"मिस, ते आजासाठी होतं," ती हळू आवाजात, समजावल्यासारखी म्हणाली. "ते तपासणाऱ्यांना कशाला द्यायचं? त्यांनी त्याला मार्क दिले असते."

दुलारी येऊन पोचली. पोरीला कुशीत ओढलं, केस विस्कटले, पुन्हा बसवले. मग पहिल्यांदा, त्या शून्यानंतर पहिल्यांदा, माझ्याकडे वळून नीट बोलली.

"काय म्हणते, मिस? बरा गेला ना पेपर?"

"हो," मी म्हटलं. "बरा गेला."